मोठी टाकी बसवली आणि गाडी वाटेत थांबायला लागली: दोष शोधायचा कुठे?

जुन्या मोटरसायकलच्या चेसीवर दुसऱ्या गाडीची मोठी पेट्रोलची टाकी बसवून झाली. बोल्ट लागले, नळी जोडली, गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेवली, एकदाही बंद पडली नाही. मग रस्त्यावर काढली आणि पंधरा-वीस किलोमीटरवर तिने मान टाकली. दहा मिनिटं सावलीत उभी केली, किक मारली, पहिल्याच किकला चालू. पुन्हा पंधरा किलोमीटर, पुन्हा तेच.

हे ज्याच्या वाट्याला आलंय त्याच्यासाठी लिहितोय. माझ्याकडे १२ लिटरच्या टाकीच्या जागी २० लिटरची आली. गाडी एका सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली. पेट्रोल पंप नाही, पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरतं. इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित निराळं, ते इथे नाही.

मी आधी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. प्लग बदलला. कॉइल बदलली. कार्ब्युरेटर तीन वेळा उघडून जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक छिद्रं, फुंकून काढले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. टाकी बदलायच्या आदल्या दिवशीपर्यंत इंजिन नीट चालत होतं आणि मधल्या काळात बदलली होती ती फक्त टाकी. एवढं साधं माझ्या डोक्यात यायला तीन आठवडे गेले, कारण गाडी बंद पडली की आपला हात सवयीने प्लगकडे जातो.

गाडी थांबली की आधी पेट्रोलची उंची मोजा

मला पुढे सगळ्यात उपयोगी पडली ती लाकडाची एक पट्टी. सेंटिमीटरच्या खुणा केल्या, गाडीच्या पिशवीत ठेवली. गाडी थांबली की टाकीत पट्टी बुडवायची, किती ओली झाली ते लिहायचं. सोबत आणखी दोन गोष्टी लिहायच्या: रस्ता चढाचा होता की उताराचा, आणि गाडी कशी मेली. हळूहळू, रिझर्व्हला आल्यासारखी गचके खात, की दिवा मालवावा तशी एका क्षणात.

चार-पाच नोंदी झाल्या की बरंचसं निदान त्या कागदावरच होतं. टाकी काठोकाठ भरलेली असतानाच गाडी मरते, तर हवेची वाट किंवा दबलेली वायर. टाकीत चार-पाच लिटर दिसतंय आणि तरी मरते, तर पेट्रोल कॉकपर्यंत, म्हणजे टाकीखालच्या तोटीपर्यंत, पोहोचत नाही. पातळी काहीही असो, फक्त जास्त वेगात किंवा लांब चढावर दम तोडते, तर नळी, फिल्टर किंवा कॉक अरुंद आहे. एका क्षणात मेली, तर बहुधा वीज. गचके खात मेली, तर पेट्रोल.

पट्टी घालण्याआधी मात्र एक काम. नळीतला पारदर्शक फिल्टर बघा, रिकामा आहे का. मग झाकणाजवळ कान नेऊन ते सावकाश उघडा. आत हवा ओढली गेल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि पाठोपाठ फिल्टरमध्ये पेट्रोल उतरलं, तर पुढचा भाग तुमच्यासाठीच आहे. एकदा झाकण उघडलं की हा पुरावा नाहीसा होतो, म्हणून क्रम चुकवू नका. अंधारात बघायचं तर टॉर्च घ्या. काडी पेटवून टाकीत डोकावणारे महाभाग अजून आहेत.

टाकीला श्वास हवा

पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोल वर धरून ठेवते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती थोड्या पोकळीने काम बिघडतं याचा अंदाज नसतो. पेट्रोलची घनता लिटरला साधारण पाऊण किलो. कार्ब्युरेटरमधल्या पातळीपेक्षा टाकीतलं पेट्रोल १५ सेंटिमीटर वर असेल तर त्याचा दाब येतो जेमतेम १.१ किलोपास्कल. बाहेरच्या हवेचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा नुसता एक टक्का कमी झाला की पेट्रोल जागच्या जागी थांबलं.

आता भरलेली टाकी घ्या. वर हवेची जागा उरलीय एक लिटर. हवा आत येणारच नसेल तर दहा-पंधरा मिलिलिटर पेट्रोल गेलं तरी एवढी पोकळी व्हायला हवी. प्रत्यक्षात गाडी लगेच मरत नाही, कारण पेट्रोलची वाफ ती जागा काही अंशी भरत राहते, झाकणाच्या फटीतून थोडी हवा शिरते, कार्ब्युरेटरच्या वाटीतही थोडा साठा असतो. म्हणून पंधरा किलोमीटर. गारठ्यात वाफ कमी धरते, म्हणून तोच दोष थंडीच्या सकाळी लवकर दिसतो आणि दुपारी गायब होतो. टाकी निम्मी झाली की हवेची जागा मोठी, पोकळी सावकाश वाढते. लोक म्हणतात, ‘अर्धी टाकी असली की बरी चालते, फुल्ल केली की नखरे.’ नखरे नाहीत ते.

माझ्या टाकीत श्वास बंद करणारा मीच होतो. टाकी जिची होती त्या गाडीचं झाकण बिनछिद्री होतं आणि हवेसाठी टाकीच्या वरच्या भागातून एक बारीक नळी खाली सोडलेली होती. माझ्या चेसीवर ती नळी लोंबकळत होती, तिचं प्रयोजन कळलं नाही. ‘इथून पेट्रोल सांडेल’ म्हणून रबरी टोपण घालून बंद केली. स्वतःच्या हाताने, नीट क्लिप लावून.

तुमच्याकडे अशी नळी नसेल तर झाकण बघा. झाकणाच्या आत बारीक वाट असते, ती वेडीवाकडी फिरवलेली असते, म्हणजे हवा येते पण पेट्रोल उसळून बाहेर पडत नाही. तिच्यात गंज किंवा पॉलिशचा थर बसतो. दुसरं, जुनं गॅसकेट फाटलं म्हणून कोणीतरी रबराची अख्खी चकती कापून बसवलेली असते आणि तिने छिद्र झाकलेलं असतं. तिसरं, टाकीवर ठेवायची बॅग. झाकणावर बॅग घट्ट बसली तर चांगलं झाकणही गुदमरतं. आणि हवेच्या नळीत एकेरी झडप टाकली असेल तर तिचं तोंड बरोबर बाजूला आहे का, फुंकून बघा.

बंद श्वासाचा एक उलटा खेळही आहे, त्याने मला बरेच दिवस चकवलं. गाडी उन्हात उभी राहिली की बंद टाकीत वाफेचा दाब वाढतो आणि पेट्रोल जोराने खाली ढकललं जातं. म्हणजे उभी असताना कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो आणि चालताना उपाशी. एकाच गाडीत ही दोन विरुद्ध लक्षणं दिसली की मला वाटलं दोष दोन आहेत. दोष एकच होता, आणि त्याच्यावर मीच बसवलेलं टोपण होतं.

मिनिटाला किती उतरतं

हवेची वाट मोकळी करूनही गाडी दम तोडत असेल तर प्रवाह मोजा. कार्ब्युरेटरकडची नळी काढा, मापाच्या भांड्यात सोडा, कॉक उघडा, घड्याळ लावा. इंजिन पूर्ण थंड हवं, जागा उघडी हवी, आसपास कुठेही आग किंवा ठिणगी नको.

यात सगळे एक चूक करतात. नळीचं टोक जमिनीवरच्या भांड्यात सोडतात. तसं केलं की उंचीचा फरक दुप्पट-तिप्पट होतो आणि प्रवाह भरघोस दिसतो. नळीचं टोक कार्ब्युरेटरच्या वाटीच्या उंचीला धरा, भांडं तिथे टेकवा. खरा आकडा तोच.

किती हवं? ८० च्या वेगाने जाणारी गाडी लिटरला २५ किलोमीटर देत असेल तर तासाला ३.२ लिटर लागतं, मिनिटाला साधारण ५३ मिलिलिटर. मूठ पूर्ण पिळली तर दुप्पट धरा. मी टाकी पाव भरलेली असताना मिनिटाला किमान २०० मिलिलिटर मिळायला हवं असं धरतो. मोजणी एकदा झाकण उघडून आणि एकदा बंद करून करा, आणि बंद झाकणाची मोजणी एका मिनिटात आटपू नका. लिटर-दीड लिटर सलग उतरू द्या. धार मध्येच बारीक होत गेली तर हवेचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

धार पहिल्यापासून बारीक असेल तर ओळीने बघा. नळीत लावायचा कागदी फिल्टर पंपवाल्या गाडीसाठी बनलेला असेल तर नुसत्या वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला तो जड जातो, त्याऐवजी जाळीचा घ्या. फिल्टर अर्धा रिकामा दिसतो म्हणून घाबरू नका, त्यात हवेचा बुडबुडा राहतोच. नळीला कुठे उलटा चढ आहे का ते बघा. मोठ्या टाकीचा कॉक बहुधा जुन्या जागी येत नाही. मग नळी इंजिनाला वळसा घालून, एखाद्या ब्रॅकेटवरून उडी मारून आणलेली असते. त्या उंचवट्यात हवा आणि वाफ अडकते. पेट्रोलमधले हलके घटक साधारण ३५ अंशांपासूनच उकळू लागतात आणि सिलिंडरच्या डोक्याशेजारून जाणारी नळी त्याच्या कितीतरी वर तापते. कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत नळीला सतत उतार द्या आणि डोक्यापासून लांब ठेवा.

टाकीसोबत आलेला कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडणारा असेल तर त्याला इनलेटकडून एक पातळ नळी लागते. जुन्या इंजिनाला ती जोडायची जागाच नसते. अशा कॉकवर ‘प्राइम’ची खूण असते, तिथे ओढीशिवायच पेट्रोल उतरतं. तिथे ठेवून गाडी व्यवस्थित चालली तर कॉक बदला, साधा हाताचा बसवा. बदलताना फ्लँजच्या, म्हणजे कॉक टाकीला लागतो त्या चपट्या तोंडाच्या, दोन बोल्टांमधलं अंतर मोजून घ्या. जपानी गाड्यांत ३४ आणि ४४ मिलिमीटर अशी दोन मापं सर्रास भेटतात, नजरेला सारखीच वाटतात. आटे जुळत नसतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून जुळवू नका. टेपचे धागे सुटतात आणि नेमके जेटमध्ये जाऊन बसतात.

टाकीत पेट्रोल आहे, पण आहे कुठे?

श्वास मोकळा केला, प्रवाह मोजला, दोनशे किलोमीटर मजेत गेले. मग गाडी पुन्हा थांबली. पट्टी घातली तर चांगलं चार लिटर पेट्रोल. रिझर्व्हवर केली, तरी नाही. वैतागून गाडी कॉकच्या बाजूला एवढी आडवी केली की हँडल जमिनीला टेकायचं बाकी राहिलं. आतून गुडुगुडु आवाज आला, सरळ केली, चालू.

टाकीच्या पोटात मधोमध एक बोगदा असतो, त्यातून चेसीचा मुख्य पाईप जातो. त्यामुळे टाकी म्हणजे पाईपावर टाकलेली दोन कप्प्यांची झोळी. पेट्रोल बोगद्याच्या वर आहे तोवर दोन्ही कप्पे एक. त्याखाली उतरलं की डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. कॉक एकच असेल तर पलीकडचा कप्पा नुसता वजन वाहतो. लहान टाकीत हे अडकलेलं पेट्रोल पेलाभर असतं, कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या टाकीचे कप्पे खोल लोंबतात, तिथे लिटरच्या हिशोबात अडकतं. बीएमडब्ल्यूने १९८४ मध्ये आर ८० जी/एसची पॅरिस-डाकार आवृत्ती ३२ लिटरच्या टाकीसह काढली. त्या बॉक्सर, म्हणजे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे असलेल्या, गाड्यांना दोन्ही बाजूंनी स्वतंत्र कॉक असतात. हौस म्हणून नाही, याच कारणासाठी.

उपाय दोन. पलीकडच्या कप्प्याला दुसरा कॉक बसवून टी-जोडाने नळ्या एकत्र करणं. किंवा दोन्ही कप्प्यांच्या तळाला तोट्या असतील तर त्या खालून एका नळीने जोडणं. दुसरा स्वस्त, पण नळी जोडल्यावर तिच्यातली हवा काढायला गाडी दोन्हीकडे एकदा नीट कलती करा, नाहीतर बुडबुडा अडून बसतो. आणि पुढे कधी टाकी काढायची वेळ आली तर दोन्ही टोकांना चिमटे लावा. हे विसरल्याने माझ्या बुटांनी एकदा लिटरभर पेट्रोल प्यायलंय.

याचंच भावंड म्हणजे टाकीचा कल. जिच्यावरून टाकी काढली त्या गाडीत कॉकची जागा सगळ्यात खाली होती. तुमच्या चेसीचा पाईप वेगळ्या कोनात आहे, टाकीचं शेपूट वर उचललं गेलं, तर सगळ्यात खोल जागा पुढे सरकते आणि मागचा कॉक कोरडा पडतो. ओळख सोपी: चढावर चालते, उतारावर मरते. गाडी दोन्ही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी करा, टाकीत थोडं पेट्रोल ठेवा आणि पुढून-मागून पट्टीने खोली मोजा. पुढच्या रबरांखाली पाच-सात मिलिमीटरच्या चकत्या घातल्या तरी पुष्कळदा काम होतं. वर उचलताना हँडलशी गाठ पडणार नाही एवढं बघा.

फुल्ल टाकीवर एका क्षणात बंद

हा प्रकार वेगळा. भरलेली टाकी, रस्त्यात खड्डा, आणि गाडी एकदम बंद. कधी फ्यूज उडालेला, कधी तोही शाबूत. टाकी काढून बघावं तर सगळं जागेवर.

२० लिटर पेट्रोल म्हणजे १५ किलो. खड्ड्यात ते क्षणभर कित्येक पटींनी जड होतं. टाकी आणि चेसीच्या पाईपामध्ये वायरिंगचा जुडगा सापडला असेल तर एवढ्या वजनाखालीच इन्सुलेशन दबून वायर धातूला लागते. टाकी अर्धी असताना किंवा काढून बघताना काही सापडत नाही. जुन्या गाड्यांची कॉइलही टाकीखालीच असते, तिच्या टोकाला टाकीचा पत्रा टेकला की खेळ खलास.

इथे मुलांच्या खेळातली क्ले वापरा. तिचे गोळे पाईपावर, कॉइलवर, सिलिंडरच्या डोक्यावर, वायरिंगच्या शेजारी चिकटवा, टाकी ठेवा, हाताने भार देऊन दाबा, उचला. चपटे झालेले गोळे मोजा. पाईपाशी १० मिलिमीटर, इंजिनाच्या डोक्याशी २० च्या वर, कॉइलच्या टोकांशी त्याहून जास्त, हा माझा हिशोब. जागा कमी पडते म्हणून हातोडीने बोगदा ठोकून रुंद करणारे मी पाहिलेत. त्यांचं पुढे काय होतं ते खाली येतंच.

टाकी बसली की इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. इंजिनाचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल टाकीखाली दबते किंवा ताणते आहे. ही गोष्ट उद्यावर ढकलू नका. वळणावर गाडी आपणहून वेग घेते, आणि अशा वेळी माणूस ब्रेकऐवजी देवाचं नाव घेतो. मोठ्या टाकीचे पुढचे गाल शॉकअपला किंवा हँडलला टेकत असतील तर स्टिअरिंगच्या स्टॉपरला वेल्डिंगचा ठिपका देऊन फिरणं कमी करता येतं, पण मग गाडी वळायला ट्रक होते. मी टाकी आठ मिलिमीटर मागे घेतली, सीटचा कोपरा कापला.

पुन्हा पुन्हा फुटणारी टाकी

सहा महिन्यांनी पेट्रोलचा वास यायला लागला. टाकीच्या मागच्या पट्टीजवळ, जिथे बोल्ट लागतो, तिथे रंगात केसाएवढी रेघ. इपॉक्सी पुट्टी लावली, महिनाभर टिकली. पुन्हा लावली, तीन आठवडे. मग वेल्डिंग करून घेतलं, तर त्या शिवणीच्या अर्धा सेंटिमीटर शेजारी फुटली.

चीर बुजवत राहिलात तर ती शेजारी सरकत राहते, कारण ताण तिथेच आहे. गाडीची चेसी चालताना पिळवटते, एका सिलिंडरचं इंजिन तिला सतत थरथरवतं. टाकीचा पत्रा पातळ. तिला चेसीशी आवळून बांधलं की पिळवटण्याचा भार पत्र्यावर येतो. टाकी चेसीवर नुसती बसायला हवी, बांधलेली नको. पुढे दोन रबरी गुट्ट्या, त्यांच्यावर टाकीच्या वाट्या सरकून बसतात. मागे एक बोल्ट, तोही रबरातून.

त्या मागच्या बोल्टात एक लहानशी वस्तू असते आणि टाकी बदलताना हमखास हरवते: रबराच्या आत बसणारी लोखंडी नळी, आपण बुश म्हणतो ती. बोल्ट आवळला की तो बुशवर जाऊन थांबतो, रबर फक्त मिलिमीटरभर दबतं. बुश नसेल तर माणूस बोल्ट आवळतच जातो, रबर चपटं होतं आणि टाकी चेसीचा भाग बनते. माझ्याकडे बुश नव्हता, त्याच्या जागी दोन वायसर होते. रबराची मोकळी उंची मोजा, त्याहून एक मिलिमीटर कमी लांबीचा बुश कापून घ्या. सगळं आवळून झाल्यावर टाकी दोन्ही हातांनी धरून हलवा. दोन-तीन मिलिमीटर हलली पाहिजे. दगडासारखी बसली असेल तर ती फुटणार, आज नाहीतर उद्या.

पुढच्या गुट्ट्यांचाही हिशोब करा. जोराच्या ब्रेकला १५ किलो पेट्रोल साधारण १० किलोच्या जोराने पुढे रेटतं, वर टाकीचं स्वतःचं वजन. लहान टाकीसाठी केलेल्या गुट्ट्यांवर हे सगळं येतं. काही मोठ्या टाक्यांत आडवे पडदे असतात. ते नसतील तर अर्धी भरलेली टाकी भरलेलीपेक्षा जास्त धक्के देते, कारण पेट्रोलला धावायला जागा मिळते. गुट्ट्यांसाठी नवे आधार करायचे तर पाईपाला क्लॅम्प बांधा. मुख्य पाईपावर वेल्डिंग शक्यतो नकोच.

आणि बोगदा ठोकून रुंद केलेल्या टाक्या? त्या शिवणीवर फुटतात. ठोकताना पत्रा ताणला जातो, जोड तसाच राहतो, पुढचं काम थरथर करते.

चीर कुठून सुरू होते ते शोधायला टाकी बाहेरून कोरडी पुसा, शिवणींवर खडूची पूड लावा आणि तासभर थांबा. पूड जिथे ओली होते तिथून गळती. धुतलेल्या, रिकाम्या टाकीला बाहेरून साबणाचं पाणी लावून आत हवा भरायची पद्धत आहे, पण पंप लावू नका. टाकीच्या बाजूचा पत्रा ३० बाय २० सेंटिमीटरचा धरा. त्यावर ०.२ बार दाब म्हणजे १२० किलोचा रेटा, टाकी फुग्यासारखी फुगून तशीच राहते. स्वच्छ नळीने तोंडाने फुंकलं तरी पुरतं.

वेल्डिंगबद्दल कडक शब्दांत लिहितो. पेट्रोल भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ती स्फोटक होते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण तयार होतं. आठवडाभर उन्हात वाळवलेल्या टाकीतही शिवणींत, गंजाखाली, जुन्या लेपाखाली पेट्रोल दडलेलं असतं, ज्योत लागली की तेच वाफ होऊन बाहेर येतं. हे काम टाक्यांचंच करणाऱ्या कारागिराकडे द्या. तो ती आधी वाफेने किंवा गरम पाण्याने धुतो, मग आत पाणी किंवा निष्क्रिय वायू भरून जोडतो. ‘द्या इकडे, दोन मिनिटांत टाका मारतो’ म्हणणाऱ्याच्या हातून टाकी परत घ्या. आणि नुसती चीर जोडून घेऊ नका. बोल्टाच्या पट्टीखाली मोठा गोलसर ठिगळ-पत्रा लावायला सांगा, म्हणजे भार पसरतो. माझी टाकी ठिगळ आणि बुश दोन्ही झाल्यावरच गप्प बसली. नुसत्या ठिगळाने बसली नसती.

उरलेल्या बारीकसारीक तक्रारी

मोठी टाकी उंच असेल तर कार्ब्युरेटरवरचा दाब वाढतो. दर १० सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलोपास्कल. फार नाही, पण कार्ब्युरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल घासलेली असेल तर जी आजवर कशीबशी धरून होती ती आता सोडते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडायला लागतात. टाकीला दोष देऊ नका, निडल आणि तिची बैठक बदला.

वापरलेली टाकी आतून गंजलेली असतेच. दर शंभर किलोमीटरला जेट तुंबत असेल तर फिल्टर बदलत बसण्यापेक्षा टाकी उतरवून सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने साफ करा, लगेच धुवा, लगेच वाळवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस. आत कोणीतरी पूर्वी लेप दिला असेल आणि तो सोलून निघत असेल तर त्यावर नवा लेप देऊ नका, जुना पूर्ण काढावा लागतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने काही जुने लेप आणि फायबरच्या टाक्या मऊ पडतात, हेही ध्यानात असू द्या.

रिझर्व्ह नव्याने मोजा. कॉकच्या आत उभी नळी असते, तिची उंची रिझर्व्ह ठरवते. तीच ४ सेंटिमीटरची नळी अरुंद तळाच्या टाकीत दीड लिटर ठेवते आणि रुंद तळाच्या टाकीत चार. टाकी पूर्ण रिकामी करा, अर्धा-अर्धा लिटर ओतत जा, ‘ऑन’वर धार कधी सुरू होते ते बघा. आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरून ठेवलाय मी.

शेवटची तक्रार, भर उन्हात साइड स्टँडवर उभ्या गाडीच्या झाकणातून येणारे थेंब. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग या हिशोबाने फुगतं. २० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं की जवळजवळ चारशे मिलिलिटर वाढतं, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीत त्याला जायला जागा नसते. टाकीची मान सोडून दोन बोटं खाली भरा. २० लिटरची टाकी साडेएकोणीसलाच फुल्ल समजायची.